डीपीचे आप्पा

आमच्या मळ्यावर पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मी पत्ता सांगतो तो असा : डांबरी सोडा, ओढा ओलांडा, डावीकडे डीपी दिसेल. डीपीच्या अलीकडे कडुनिंबाखाली पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसलेले असतील. ते 'रामराम' न म्हणता एकदम 'किती एचपी?' असं विचारतील. घाबरायचं नाही. 'मोटर नाही, नुसता पाहुणा आहे' एवढं सांगितलं की ते सोडतात.

शहरातल्या वाचकांसाठी खुलासा करायला हवा की डीपी म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो नव्हे. दोन खांब, मधल्या लोखंडी बैठकीवर तेलाने भरलेला करड्या रंगाचा ट्रान्सफॉर्मर, आणि खाली दार निखळलेली एक पेटी. वरून ११ हजार व्होल्ट येतात, खालून ४३३ बाहेर पडतात. सरकारी कागदात याला रोहित्र म्हणतात. गावात रोहित्र म्हटलं तर कुणाच्या तरी नातवाचं बारसं झालं असं वाटेल. या डीपीवर आमच्या शिवारातल्या एकोणीस शेतकऱ्यांच्या विहिरींच्या मोटरी चालतात, आणि त्या एकोणीस मोटरींवर आप्पा चालतात.

आप्पांना हे काम कुणी दिलेलं नाही. या पदाला नाव नाही, पगार नाही, निवडणूक नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. भीमेच्या काठाने कुठेही जा, दर डीपीमागे असा एक आप्पा सापडतो. कुठे त्याला तात्या म्हणतात, कुठे नाना. वही मात्र सगळ्यांकडे असते.

आप्पांचं सगळं शास्त्र एका भागाकारावर उभं आहे. आमची डीपी ६३ केव्हीएची. ती तब्येतीला न झेपणारं काही न करता ८४ अँपिअर देते. पाच एचपीची मोटर चालताना सात अँपिअर ओढते. चौऱ्याऐंशीला सातने भागलं की बारा. "बारा मोटरी डीपीच्या," आप्पा सांगतात, "तेरावी लागली की तेरावा डीपीचाच."

हे वाक्य ते इतक्यांदा म्हणाले आहेत की शिवारातली लहान पोरं बाराच्या पाढ्यानंतर तेराचा पाढा म्हणायला कचरतात.

पण खरी गोम चालणाऱ्या मोटरीत नाही, उठणाऱ्या मोटरीत आहे. सुरू होताना मोटर काही क्षण पाच-सहा पट करंट खाते. आप्पा हे म्हशीच्या भाषेत समजावतात. बसलेली म्हैस उठताना जेवढा जोर लावते तेवढा ती दिवसभर चालताना लावत नाही. बारा म्हशी एकाच दाव्याला बांधल्या आणि सगळ्यांना एकदम 'हुर्र' केलं तर खुंटा राहील का? म्हणून एक मोटर उठली, सुरात आली, की मग दुसरी. मधे एक बिडी. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागात किती वीज लागेल, कुठून येईल, याचा हिशेब मांडतात. आप्पांचा भाग बिडीएवढा. बिडी ओली असली की वेळापत्रक लांबतं.

वीज वाटायची ही हौस आप्पांना वारशाने आली. त्यांचे वडील पाटकरी होते. कालव्याचं आवर्तन सुटलं की खांद्यावर फावडं टाकून पाटापाटाने फिरायचे, कुणाच्या रानात किती घटका पाणी जाणार ते ठरवायचे. शेजपाळी म्हणजे एकाच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा, अशी ओळीने पाळी. आप्पांनी बापाची शेजपाळी उचलली आणि तारेवर चढवली. त्यांच्या मते वीज आणि पाणी यांत फरक एवढाच की पाण्याने माणूस ओला होतो. बाकी गळती तीच, चोरी तीच, शेपटाला काही न पोचणं तेही तेच.

मी पुण्यातली नोकरी सोडून वडिलांची सहा एकर बघायला आलो तेव्हा आप्पांची वही मला बाळबोध वाटली होती. मी त्यांना म्हटलं, एकोणीस जण आहेत, बाराची सोय आहे, मी दहा मिनिटांत तक्ता करून देतो. खरोखरच करून दिला, रंगीत. आप्पांनी तो चष्मा लावून पाहिला, घडी घालून टोपीत ठेवला आणि विचारलं, "पुणेकर, यात थोरला आन् धाकटा लागोपाठ का घातलाय?"

"का? त्यांच्या विहिरी शेजारी आहेत."

"त्यांचं बोलणं न्हाय सात सालापास्नं. थोरल्यानं मोटर बंद केली ह्ये धाकट्याला सांगणार कोण? मी?"

वहीतली खरी गुंतागुंत मला तेव्हा कळली. तिथे अँपिअर दुय्यम आहेत. ज्यांचं बोलणं नाही त्यांच्यामध्ये एक बोलका माणूस घालायचा. ज्याचा ऊस तुटला त्याची पाळी काढायची, पण त्याला आधी सांगायचं, नाहीतर तो चिडून रिकाम्या रानात पाणी सोडतो. ज्याने कांद्याचं पाणी तोडलंय त्याच्या वेळेवर दोघांचा डोळा असतो. ती वेळ दोघांपैकी कुणालाच द्यायची नाही, तिसऱ्याला द्यायची. डेअरीत दूध घालायला जाणाऱ्याला सहा ते सात द्यायचे नाहीत. ज्याच्या घरी सुतक आहे त्याची मोटर शेजाऱ्याने लावायची, आणि शेजाऱ्याने ती आपल्याच पाटाला जोडू नये म्हणून त्याच्यावर आणखी एक शेजारी नेमायचा. माझ्या रंगीत तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. आप्पांनी त्यावर पुढे तंबाखू मळली.

वहीत एकोणीस नावं आहेत, पण तारेवर मोटरी एकवीस. उरलेल्या दोन आकड्यांवर. आकडा म्हणजे काय हे शहरी वाचकांना समजावून सांगण्याची जबाबदारी मी घेत नाही. आप्पा त्यांना 'पाहुणे' म्हणतात. त्यांची नावं वहीत लिहायची नाहीत हे कायद्याला धरून आणि त्यांचा करंट मात्र धरायचा हे शास्त्राला धरून, असा आप्पांचा मध्यममार्ग आहे.

पाळी मोडणाऱ्याला आप्पा दंड करत नाहीत. त्याच्या सासुरवाडीला फोन करतात. "जावईबापूंची तब्येत बरी हाय न्हवं? न्हाय, रातच्याला पाळी नसताना मोटर लावली, म्हणलं इसरायचा आजार झाला काय." एवढंच. पुढची तीन वर्षं जावई दिवाळसणाला गेला तरी घड्याळ बघत बसतो.

या सगळ्या न्यायव्यवस्थेत एक बारीक खोट आहे, आणि ती म्हणजे आप्पांची स्वतःची मोटर. त्यांची विहीर डीपीपासून चाळीस पावलांवर. लाईनीवर पहिला मान त्यांचा. डीपीजवळच्या माणसाला भरघोस व्होल्टेज मिळतं, शेपटाकडच्याला तीनशे-सव्वातीनशेवर भागवावं लागतं. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि एके दिवशी विहिरीवरून केस जळाल्यासारखा वास येतो. मग ती सायकलला किंवा मोटरसायकलला बांधून तालुक्याला भरायला न्यायची. शेपटाकडच्या माणसाने हे दर साली करायचं आणि आप्पांनी दर साली हळहळायचं, असा शिरस्ता आहे.

आप्पांची मोटर सगळ्यांच्या आधी सुरू होते, 'लाईन तपासायला'. सगळ्यांच्या शेवटी बंद होते, 'लाईन बसवायला'. मधे ती चालू असते ती कशासाठी, हे विचारण्याची हिंमत एकदाच कुणीतरी केली होती. आप्पा म्हणाले, "पंगतीत वाढपी शेवटाला जेवतो. पर मीठ बरूबर हाय का ह्ये आधी कुणी बघायचं?"

आप्पांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा लढा ऑटोस्विचविरुद्धचा. शेतीला थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. आठवडा रात्रीचा असला आणि लाईट बाराला येणार असली, तर थंडीत घोंगडी सोडून विहिरीवर कोण जाणार? वाटेत काय आडवं पडलेलं असेल सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटोस्विच बसवले. लाईट आली की मोटर आपोआप उठते, माणूस झोपलेला राहतो. एकट्याने केलं तर फार शहाणपणाचं. एकोणिसांनी केलं तर काय होतं? रात्री बाराला लाईट येते आणि एकोणीस म्हशी एका दाव्याला एकदम उठतात. वर डिओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडतो, खाली पेटीतला फ्यूज जातो. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणीतरी हुशार माणूस त्यात जाड तार गुंडाळतो. आणि तार जाड घातली की फ्यूज जात नाही, डीपी जाते.

डीपी जळण्याचं दुःख ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. ऐन मार्चात ऊस पिवळा पडत असतो, बैठका होतात, वर्गणी निघते, ट्रॅक्टर आपला, माणसं आपली, दोरखंड आपला. दुसरी डीपी येते तेव्हा तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडतात. आमच्याकडे काही सुनांच्या वाट्याला एवढा थाट आलेला नाही.

तर अशा एका जळितानंतर आप्पांनी ऑटोस्विचबंदीची हाक दिली. नव्या डीपीसमोर अन्नत्याग करून बसले. (दुपारी घरून डबा यायचा, पण तो 'डबा' होता, अन्न नव्हे.) तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी ऑटोस्विच काढून कडुनिंबाखाली आणून टाकले. आप्पांनी ते मोजले. अठरा भरले. एकोणिसावा कुणाचा हे त्या क्षणी उत्साहात कुणी पाहिलं नाही.

पुढच्या साली आप्पा भाच्याच्या लग्नाला बार्शीला गेले. घरातले सगळे बरोबर. रात्री बाराला लाईट आली आणि आप्पांची विहीर घुमायला लागली. शेजाऱ्याने जाऊन पाहिलं, खोपीला कुलूप. आतून मोटरीचा सूर एकदम सणसणीत, डीपीपासून चाळीस पावलांवरच्या मोटरीचा असावा तसा. आप्पा परत आल्यावर शिष्टमंडळ गेलं.

आप्पा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "ऑटोस्विच न्हाय त्यो. मोटर जुनी हाय. तिला सवय झालीया."

आप्पांचा सार्वजनिक जीवनात प्रवेश झाला तो भारनियमनाच्या काळात. २००५ च्या आसपासचे ते दिवस. विजेची तूट एवढी की खेड्यांत लाईट असणं हीच बातमी असायची. तेव्हा अक्षय प्रकाश योजना आली. कल्पना अशी : गावाने ठराव करायचा की संध्याकाळी पाच ते अकरा या ओढाताणीच्या वेळात मोटरी, पिठाच्या गिरण्या, शेगड्या लावणार नाही, आकडे काढून टाकू, फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही वापरू. बदल्यात गावाला संध्याकाळचा उजेड मिळायचा. यात मीटरपेक्षा शब्दावर भर होता. आणि शब्द पाळायला लावण्यासाठी आप्पांसारख्या माणसांची गरज होती.

तेव्हा आप्पा पंचेचाळीस-पन्नाशीत होते, आणि त्यांचं नाक तेज होतं. ते संध्याकाळी सातला आळीआळीने फिरत. ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघत नाही पण भाकरीचा वास येतो, तिथे शेगडी. ज्या घरातला माणूस रात्रीच्या भजनाला कडक इस्त्रीत येतो, तिथे इस्त्री. गिरणीवाल्याचं तर त्यांनी जगणं हराम केलं. तो बिचारा रात्री अकरानंतर दळायचा, आणि बायका अर्ध्या झोपेत ज्वारीच्या डब्यात बाजरीचं पीठ नेत. त्या वर्षी आमच्या गावात कुणी कुठलं पीठ खाल्लं याचा हिशेब आजही लागलेला नाही, पण संध्याकाळी सहावी-सातवीच्या पोरांना बल्बखाली बसता आलं हे खरं. आप्पा आजही एखाद्या नोकरीला लागलेल्या पोराला अडवून म्हणतात, "तुझ्या पगारात माझं बी वॅट हायेत."

कालांतराने तूट ओसरली, योजना विस्मरणात गेली, आप्पा डीपीवर परतले. पण नजर मोठी झालेली होती. त्यातच २०१३ च्या ३१ डिसेंबरला सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला मिळालं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक वारंवारिता. एवढ्या मोठ्या देशाची गाठ आपल्या जिल्ह्यातून मारली गेली हे ऐकल्यापासून आप्पा डीपीकडे राष्ट्रीय नजरेने पाहतात. त्यांना कुणीतरी सांगितलं की देशाची वारंवारिता ५० हर्ट्झच्या अगदी आसपास ठेवावी लागते. वापर वाढला की ती खाली जाते, वापर अचानक घटला की वर चढते. तेव्हापासून शेजाऱ्याने वेळेआधी मोटर बंद केली तरी आप्पा म्हणतात, "तिकडं मद्रासला धक्का बसतोय, जरा इचार कर."

५ एप्रिल २०२० ही तारीख आप्पांच्या आयुष्यात सोन्याने लिहावी अशी. टाळेबंदी होती. रात्री नऊला नऊ मिनिटं देशभर दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. एवढे दिवे एकदम गेले तर ग्रिड कोसळेल, अशा संदेशांनी सगळ्यांचे फोन भरले होते. दिल्लीपासून कळव्यापर्यंतचे अभियंते आकडेमोड करत होते, धरणांवरच्या जलविद्युत संचांना सज्ज ठेवत होते. पाण्यावरचा संच झटकन चढतो, झटकन उतरतो, म्हणून. आप्पाही सज्ज झाले. संध्याकाळी अठरा जणांना फोन गेले.

"नवाच्या ठोक्याला सगळ्यांनी मोटरी लावायच्या."

"आप्पा, सगळ्यांनी? तेरावा?"

"आज डीपीचा इचार न्हाय. आज देशाचा इचार."

बायकापोरं अंगणात पणत्या लावत होती आणि एकोणीस कर्ते पुरुष अंधारात आपापल्या विहिरीवर, बटणावर बोट ठेवून उभे होते. मीही होतो, खोटं कशाला बोलू. नऊ वाजले. आप्पांची शिट्टी झाली. सगळ्यांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. त्या आठवड्यात आमच्या शेतीच्या फीडरची पाळी दिवसाची होती. रात्री तारेत थ्री फेज नव्हतीच.

त्या नऊ मिनिटांच्या सुमारास देशाची मागणी ३१ हजार मेगावॅटहून जास्त घसरली, अंदाजाच्या दुपटीहून अधिक, आणि तरी ग्रिड जाग्यावर राहिलं. धरणांनी आपलं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी मी पेपरातला आकडा वाचून दाखवला तेव्हा आप्पा समाधानाने म्हणाले, "आपण तयार हुतो. त्यांस्नी गरज लागली न्हाय, ह्ये यगळं."

मग मोबाईल स्टार्टर आले. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड असतं. घरून फोन लावायचा, मोटर फोन उचलते, लाईट आहे की नाही ते सांगते, एक दाबलं की सुरू, दुसरं काही दाबलं की बंद. ज्यांचे नंबर त्यात भरलेले असतात त्यांचंच ती ऐकते. आप्पांनी फतवा काढला : प्रत्येक मोटरीत आपला नंबर भरलाच पाहिजे. बायकोचा राहिला तरी चालेल.

अशा रीतीने आप्पांच्या फोनमध्ये माणसांपेक्षा मोटरी जास्त झाल्या. 'मोटर ओढ्याकडची', 'मोटर धाकटा', 'मोटर पुणेकर', 'मोटर शेपूट'. पहाटे चारला उठून ते अंथरुणातूनच फेरी मारतात. एकेकीला फोन. त्या पेटीतून ठराविक आवाजात ठराविक वाक्य येतं, तरी आप्पा आधी 'हॅलो' म्हणतात. एकदा मी त्यांना 'हं, हं, बरं, ठेवतो मग' असं म्हणून फोन ठेवताना पाहिलं. पलीकडे कोण होतं विचारलं, तर म्हणाले, "तुझीच मोटर. पाणी कमी हाय म्हंती."

एवढा सगळा दरारा शिवारात. घरात आप्पांचं काही चालत नाही. सूनबाई एकाच वेळी पाणी तापवायची कॉईल, मिक्सर आणि इस्त्री लावतात. घरातला एमसीबी दिवसातून दोनदा पडतो. आप्पा ओसरीवर बसून तो पडल्याचा आवाज ऐकतात, एक शब्द बोलत नाहीत. एकदा धीर करून 'शेजपाळीनं लावा की' म्हणाले होते. सूनबाईंनी विचारलं, "मामा, आंघोळ आधी करणार का चटणी आधी खाणार?" तेव्हापासून देशाच्या वारंवारितेवर भाष्य करणारा हा माणूस एमसीबी वर करायला स्टुलावर चढतो आणि मुकाट्याने खाली उतरतो.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरींना वीज मोफत झाली. आमच्या डीपीवर साडेसातच्या वरची मोटर कधी नव्हतीच, असं लोक शपथेवर सांगू लागले. आप्पांना मात्र चिंता लागली. "फुकटाला बंद करायचं बटण नसतंया," असं त्या दिवसांत ते म्हणायचे. आणि खरोखरच पाळी संपली तरी मोटर चालू ठेवायची चढाओढ लागली. आप्पांनी चिडून सासुरवाडीचे फोन वाढवले, पण सासरेही आपापल्या गावात तेच करत होते.

खरा घाव घातला तो सूर्याने. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाचच, आणि आपल्या रानात आपल्या मालकीचं वीजघर उभं. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. रात्री जागायला नको, डिओ नको, फेज नको, वर्गणी नको. पहिली पाटी उभी राहिली ती शेपटाकडच्या माणसाच्या रानात. आयुष्यभर सव्वातीनशे व्होल्टवर काढलेल्या त्या माणसाने पाणी पडायला लागल्यावर जी आरोळी ठोकली ती डीपीपर्यंत ऐकू आली. आप्पांनी वहीत त्याच्या नावावर काट मारली. मग थोरल्याच्या. मग धाकट्याच्या, थोरल्याने घेतली म्हटल्यावर त्याला घेणं भागच होतं, आणि एक पाटी जास्त बसते का हे त्याने खनपटीला बसून विचारलं म्हणतात.

आता आमच्या डीपीवर सात जण उरलेत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या मोटरी एकदम लावल्या तरी तेरावा होण्याची भीती नाही. व्होल्टेज असं की बल्ब पांढरे पडतात. डीपी थंडगार असते, तिच्याखाली चिमण्या बसतात. माणसाने सुखी व्हावं अशी ही सगळी परिस्थिती, आणि आप्पा वाळत चालले.

महिनाभर ते कडुनिंबाखाली नुसते बसून होते. मग एके दिवशी मान वर करून बसलेले दिसले. आषाढ लागला होता, ढगांची ये-जा होती. सौर मोटरीचं एक आहे, पाटीवर सावली आली की पाण्याची धार मनगटाएवढीची करंगळीएवढी होते. आप्पांनी पलीकडच्या रानात हाक दिली, "ए शेपूट! ढग निघालाय वड्याकडनं. आत्ता बारं बदलू नगंस, पाच मिन्टात मोटर बसंल."

शेपटाकडच्याने वर पाहिलं. पाच मिनिटांत धार बारीक झाली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नवी वही आणली. तिच्यात डावीकडे ढग, उजवीकडे माणसं. ढगांना शेजपाळी लावता येत नाही ही त्यांची सध्याची मुख्य अडचण आहे. दुसरी अडचण विहिरींची. दिवसभर फुकट ऊन आणि दिवसभर चालणारी मोटर, त्यामुळे यंदा मार्चातच काही विहिरींचे तळ दिसले. आप्पा आता सुतळीला दगड बांधून विहिरीविहिरीत सोडतात आणि ओली सुतळी वितीने मोजतात. त्यावरून कुणी किती वेळ मोटर लावावी हे सांगतात. कुणी ऐकत नाही. आप्पांना याची सवय आहे. डीपीच्या वेळीही पहिली दोन वर्षं कुणी ऐकलं नव्हतं.

पहाटे चारची फोनची फेरी मात्र सुटली नाही. ज्यांनी सौर घेतली त्यांच्या जुन्या स्टार्टरमधल्या सिमांचं रिचार्ज कोण करणार? ती बंद पडली आणि काही महिन्यांनी ते नंबर कुणाकुणाला मिळाले. 'मोटर धाकटा' हा नंबर आता अमरावतीकडच्या एका बाईंचा आहे. पहिल्या पहाटे आप्पांनी सवयीने फोन लावला, पलीकडून 'हॅलो' आलं, आणि आप्पांनी सवयीनेच एक दाबलं. मोटरीने प्रथमच उलट विचारलं, "कोण बोलून राह्यलं?"

आप्पांनी सगळं समजावून सांगितलं म्हणे. डीपी, बारा मोटरी, थोरला-धाकटा, सगळं. बाई पोळ्यांचे डबे देतात, चारला उठलेल्याच असतात. त्यांनी ऐकून घेतलं. नंबर खोडायचा असं आप्पांनी ठरवलं होतं, पण खोडायचा कसा ते त्यांना येत नाही आणि सूनबाईंना विचारायची सोय नाही.

परवा पहाटे मी पाण्याला निघालो होतो. आप्पा ओसरीवर अंधारात फोन कानाला लावून बसले होते. मी थांबलो. पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"बंदच आहे हो काका मोटर, काळजी नका करू. तिकडे पाऊस झाला काय?"

"न्हाय अजून," आप्पा म्हणाले. "ढग हायेत. तुमच्याकडं?"